दोरी आत जाईना: रिकॉईलची स्प्रिंग स्वतः बसवताना

“दादा, दोरी बाहेरच लोंबकळतीया. आत जायनाच झालीया.”

उसाच्या भरणीचे दिवस आले की आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुकानात हे वाक्य सारखं कानावर पडतं. कधी तण काढायचा पॉवर वीडर असतो, कधी फवारणीचा एचटीपी पंप, कधी नदीकाठचा पाण्याचा पंप. हँडल जमिनीला टेकलेलं, दोरी चिखलानं काळी, आणि मालकाच्या खिशात नव्या रिकॉईलचे, म्हणजे दोरी ओढून इंजिन चालू करायच्या झाकणासकट सेटचे, पैसे. कारण वाटेत कुणीतरी सांगून मोकळा झालेला असतो, “स्प्रिंग गेली, आख्खा सेट बदल.”

सेट बदलायला माझी ना नाही. धंदाच आहे. पण बऱ्याच वेळा उघडून बघितलं तर स्प्रिंग धडधाकट असते, नुसतं टोक निसटलेलं असतं. नाहीतर टोकाचा हूक तुटलेला असतो आणि बाकीची पट्टी चांगली असते. हे काम घरच्या अंगणात होतं. तीन-चार पाने, एक पक्कड आणि तासाभराचा निवांतपणा एवढंच लागतं. हाताला लागण्याची भीती मात्र ठेवायची, ती कुठे आणि किती हे पुढे सांगतो.

ज्यांनी आयुष्यात कधी रिकॉईल उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुरलेल्या मेस्त्रींनी हसू नये.

झाकणाच्या आत काय असतं

जुनं ऑईल इंजिन हँडल मारून चालू व्हायचं. इथल्या कारखानदारीचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यापासून या गावाला इंजिनाचं वेड. सिलिंडरमधला दाब सोडणारी डिकॉम्प्रेशनची कडी उचलायची, हँडल गरागरा फिरवायचं, वेग आला की कडी सोडायची. मग छोटी पेट्रोल इंजिनं आली, त्यातल्या काहींना नुसती पुली होती. गाठ मारलेली दोरी पुलीच्या खाचेत अडकवायची, गुंडाळायची, हिसका द्यायचा, इंजिन नाही लागलं की परत गुंडाळायची. हा परत गुंडाळायचा त्रास वाचवला तो रिकॉईलनं. एवढंच त्याचं काम.

झाकणाच्या आत एक रील असते. तिच्या खोबणीत दोरी गुंडाळलेली. रीलच्या पाठीशी पोलादी पट्टीची गुंडाळी असते, चावीच्या घड्याळात असते तशी. हीच स्प्रिंग. पट्टी सरळ उलगडली तर माणसाच्या उंचीपेक्षा लांब भरते, आणि ती एवढ्याशा जागेत दाबून बसवलेली असते हे डोक्यात पक्कं ठेवा. तिचं एक टोक झाकणाला अडकतं, दुसरं रीलला. काही इंजिनांत स्प्रिंग झाकणातल्या गोल खड्ड्यात बसते, काहींत रीलच्याच पोटात. तुमच्याकडे कोणती आहे ते उघडल्यावर कळेल, पद्धत दोन्हीकडे तीच.

रीलच्या तोंडावर एक किंवा दोन कुत्रे, म्हणजे खाचेत अडकणारे छोटे दाते, असतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात त्यांचेच भाऊबंद. दोरी ओढली की कुत्रे बाहेर सरकतात, फ्लायव्हीलवरच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावरच्या, वाटीच्या खाचेत अडकतात आणि इंजिन फिरवतात. इंजिन लागलं की वाटी पुढे पळते, कुत्रे मागे येतात आणि स्प्रिंग दोरी आत ओढून घेते.

म्हणजे स्प्रिंग इंजिन चालू करत नाही. इंजिन फिरतं ते तुमच्या दंडानं. स्प्रिंग फक्त दोरी परत नेते. एवढं कळलं की निदान अर्धं झालं.

खरंच स्प्रिंगच आहे का?

दोरी बाहेर येते, परत जात नाही, आणि हातानं आत सरकवली तरी ढिली पडते: स्प्रिंग तुटली किंवा तिचं टोक निसटलं. हेच आपलं काम.

दोरी परत जाते पण हँडल वीतभर बाहेर लटकत राहतं: स्प्रिंग शाबूत आहे, ताण कमी पडलाय. नाहीतर आत माती-पाचट अडकलंय, किंवा कुणीतरी आधी जाड दोरी घातलीय आणि ती रीलच्या काठाला घासतेय.

दोरी झकास येते-जाते पण इंजिन फिरतच नाही, ओढताना काही ओझं लागत नाही: हे कुत्र्यांचं दुखणं. झिजलेत, चिखलानं चिकटलेत, किंवा मधला बोल्ट ढिला झालाय. इथे स्प्रिंगला हात लावायचं कारण नाही.

दोरी हलतच नाही: आता घाई करू नका आणि दोघांनी मिळून तर मुळीच ओढू नका. रिकॉईलचे बोल्ट काढून झाकण बाजूला करा आणि फ्लायव्हील हातानं फिरवून बघा. फिरलं तर दोष रिकॉईलचा. नाही फिरलं तर दोष इंजिनाचा. स्पार्क प्लग काढून पुन्हा फिरवा. प्लगच्या भोकातनं पाणी, पेट्रोल किंवा ऑईल उडालं तर सिलिंडर भरला होता, पिस्टनला वर जायला जागाच नव्हती. टेम्पोत आडवा टाकून आणलेला पंप हा हमखास असा असतो.

आणि एक लक्षण लोक सांगायचं विसरतात. ओढताना दोरी उलट हिसका देते, हातातून हँडल हिसकावून घेते. तिथे स्प्रिंग बिचारी निर्दोष असते. फ्लायव्हीलला जागेवर धरणारी चावी कातरून फ्लायव्हील जागेवरून सरकलं असेल तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि इंजिन उलटं मारतं. अशा इंजिनात नवी स्प्रिंग घातली तर तीही आठवड्यात जाईल, वर मनगट दुखेल ते वेगळं.

कामाला बसण्याआधी

इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लगची टोपी ओढून बाजूला ठेवा. रिकॉईल काढल्यावर फ्लायव्हील उघडं पडतं, चुकून फिरलं आणि इंजिनानं एक ठोका दिला तर बोट गेलंच समजा.

डोळ्याला चष्मा हवा. उन्हाचा गॉगल असला तरी चालेल, पण हवाच. हातात जाड हातमोजे, वेल्डिंगवाले वापरतात तसे चामड्याचे मिळाले तर उत्तम. याला आळस करू नका. मी नवखा होतो तेव्हा एका वीडरची रील झटक्यात उचलली. स्प्रिंग आतून सापासारखी उसळली आणि अंगठा-तर्जनीच्या मधलं कातडं फाडून गेली. तीन टाके पडले आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पट्टीची कड ब्लेडएवढी धारदार नसते, पण वेग असा असतो की तिला धारेची गरज पडत नाही.

सामान: ८ आणि १० नंबरचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, लांब नाकाची पक्कड, साधी पक्कड, बारीक कानस, जुना टूथब्रश, रॉकेल किंवा डिझेल, चिंध्या, थोडं ग्रीस, कपडे वाळत घालायचे दोन-चार चिमटे. चिमटे कशाला ते पुढे येतंच. मोबाईलही जवळ ठेवा. प्रत्येक पायरीला फोटो काढा, मोडलेल्या अवस्थेतला सुद्धा. स्प्रिंग कोणत्या दिशेनं गुंडाळलेली होती हे काम झाल्यावर कुणालाच आठवत नाही.

झाकण काढणे

बहुतेक छोट्या इंजिनांवर रिकॉईल तीन-चार छोट्या बोल्टांवर असतं. बोल्ट काढण्याआधी झाकणावर मार्करनं एक खूण करा, हँडल कोणत्या बाजूला येतं त्याची. झाकण गोल असल्यामुळे ते दोन-तीन प्रकारे बसतं आणि मग दोरी वीडरच्या दांड्याला घासत राहते.

झाकण हातात आलं की पहिलं काम साफसफाई. त्याच्या जाळीतनंच फ्लायव्हीलचा पंखा हवा ओढतो आणि इंजिन थंड राहतं. आपल्याकडे पाचटाचे तुकडे आणि काळी माती मिळून त्या जाळीवर असा गिलावा होतो की हवेला जागाच उरत नाही. रिकॉईल बिघडल्याच्या निमित्तानं हे उघडलं गेलं हे एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

ताण काढणे

स्प्रिंग शाबूत असेल, म्हणजे दोरी थोडीफार तरी परत जात असेल, तर आधी ताण उतरवायचा. दोरी हातभर बाहेर ओढा. रील अंगठ्यानं दाबून धरा. रीलच्या काठाला एक खाच असते, तीत दोरी अडकवा. मग अंगठ्याचा दाब हळूहळू कमी करत रीलला स्वतःहून उलटी फिरू द्या. फिरणं थांबलं की ताण संपला. मध्येच हात सोडलात तर दोरीचा फटका बसतो, बाकी काही नाही. पण सोडू नका.

स्प्रिंग तुटलेलीच असेल तर ही पायरी आपोआप झालेली असते. तरीही आत ताण आहे असंच समजून वागा. तुटलेला तुकडा कुठेतरी अडकून दबलेला असू शकतो.

आता रीलच्या मधला बोल्ट किंवा स्क्रू काढा. वरची चकती, तिच्याखालची छोटी स्प्रिंग, कुत्रे, कुत्र्यांच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगा, सगळं ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं एका ताटात मांडा. आमच्याकडे स्टीलचं जुनं ताट आहे, वर्षानुवर्षं तेच. चटईवर किंवा फरशीवर ठेवलेली कुत्र्याची स्प्रिंग मी आजवर कधी परत मिळालेली बघितली नाही.

रील उचलणे: इथे थांबा आणि श्वास घ्या

अख्ख्या कामात सगळ्यात मोठा धोका या अर्ध्या मिनिटात आहे.

झाकण तोंड वर करून टेबलावर ठेवा. रील सरळ वर उचलायची नाही. आधी डावी-उजवीकडे थोडी थोडी हलवा, पाव फेऱ्याएवढी. याने स्प्रिंगचं आतलं टोक सुटतं. मग रील जेमतेम बोटभर उचला आणि फटीतून बघा. स्प्रिंग झाकणाच्या खड्ड्यात निवांत पडून आहे का, की रीलबरोबर वर येतेय? वर येत असेल तर स्क्रू ड्रायव्हरनं तिला खाली दाबून ठेवा आणि रील पुन्हा हलवा. स्प्रिंग रीलच्या पोटात बसणारी असेल तर ती रीलबरोबर येणारच, तेव्हा रील आणि स्प्रिंग दोन्ही एकाच पंजात धरून उचला आणि उलटी करून टेबलावर ठेवा.

मनात जराही शंका असेल तर झाकण पोत्यावर पालथं घाला, वर दुसरं पोतं टाका आणि हलकेच आपटा. स्प्रिंग सुटलीच तर पोत्यात सुटेल. दिसायला अडाणी उपाय आहे, पण डोळे शाबूत राहतात.

तुटलीय कुठे

स्प्रिंग हळूहळू सोडवून बाहेर काढा, रॉकेलमध्ये ब्रशनं धुवा, पुसा. आता टोकं बघा. पट्टी मधोमध तुटलेली मी क्वचितच बघतो. तुटते ती टोकाला, हुकाच्या वाकणावर. तिथे पोलाद एकाच रेषेत सारखं वाकतं आणि सरळ होतं, गंज तिथेच आधी धरतो, आणि दोरी शेवटापर्यंत खेचली की सगळा झटका त्याच वाकणावर येतो.

मधोमध तुटली असेल तर टाकून द्या. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. वेल्ड धरतं, पण त्याच्या शेजारची जागा ठिसूळ होते आणि दोन दिवसांनी तिथेच तुटते. नवी स्प्रिंग सुटी मिळते, इंजिनाचं मॉडेल आणि जुनी पट्टी बरोबर घेऊन जा. रुंदी, जाडी आणि दोन्ही हुकांचा आकार जुळला पाहिजे. दुकानदारानं “बसतीया, घाला” म्हटलं तरी पट्टीवर पट्टी ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

टोक तुटलं असेल तर नवा हूक करता येतो. हे काम मात्र बघून करण्यासारखं आहे.

स्प्रिंगचं पोलाद कडक केलेलं असतं. थंड असताना पक्कडीनं वाकवायला जाल तर तट्‌कन तुटेल, आणि असं तोडत तोडत वीतभर पट्टी घालवलेले लोक आमच्याकडे येतात. आधी टोक मऊ करायचं. टोकाचा दोन-अडीच सेंटीमीटर भाग सोडून त्याच्यामागे ओली चिंधी गुंडाळा, म्हणजे उष्णता पुढे सरकणार नाही. मग टोक गॅसच्या टॉर्चवर धरा, नसेल तर स्वयंपाकाच्या शेगडीच्या निळ्या ज्योतीच्या कडेला. पट्टी पातळ असते, पटकन लाल होते. आधी निळसर, मग करडी, मग गाजरासारखी. गाजराचा रंग आला की लांब नाकाच्या पक्कडीनं एकाच सावकाश हालचालीत हूक वळवा. आकार तुटलेल्या तुकड्याकडे बघून घ्या, तो तुकडा समोरच ठेवा. वाकण कोनासारखं धारदार नको, काडेपेटीच्या काडीभोवती वळल्यासारखं गोलसर हवं.

मग हवेत तसंच थंड होऊ द्या. पाण्यात बुडवायचं नाही. लाल पोलाद पाण्यात टाकलं की ते काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ होतं, आणि मघाशी केलेली सगळी मेहनत पहिल्याच ओढीला जाते. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत काम केलेल्यांना हे सांगायला नको. पण गंमत अशी की तेच गडी घाईत बादलीकडे हात नेतात.

थंड झाल्यावर कडांचे खरखरीत कोपरे कानशीनं घासा. पट्टीवर आडवी खाच राहू देऊ नका, पुढची चीर तिथूनच सुरू होते. पट्टी बोटभर आखूड झाली असेल तर काही बिघडत नाही. दुसऱ्यांदाही चालून जातं. तिसऱ्यांदा हूक करायची वेळ आली तर नवी घ्या, दोरीला फेरे कमी पडायला लागतात.

हे जाळाचं काम इंजिनापासून लांब करा. पेट्रोलचा वास येत असेल तिथे नाही, आणि रॉकेलची चिंधी शेजारी ठेवून तर नाहीच. रॉकेलनं धुतलेली पट्टीही आधी नीट पुसून वाळवलेली असू द्या.

स्प्रिंग परत बसवणे

नवी स्प्रिंग घेतली असेल तर ती तारेच्या कड्यात आवळलेली मिळते. कडं काढायचं नाही. कड्यासकट खड्ड्यावर ठेवा, बाहेरचा हूक खाचेत अडकवा, वरून अंगठ्यांनी दाबून स्प्रिंग खाली सरकवा. ती खाली जाईल तसं कडं वर राहतं. पाच मिनिटांचं काम. कडं आधी काढलं तर तेच पाऊण तासाचं होतं.

जुनीच स्प्रिंग बसवायची तर ती हातानं गुंडाळावी लागते. बाहेरचा हूक खाचेत अडकवा आणि तिथे कपड्याचा चिमटा लावा, म्हणजे तो सुटणार नाही. आता पट्टी खड्ड्याच्या भिंतीला चिकटवत एक फेरा पूर्ण करा. डाव्या हाताचा अंगठा आणि बोटं बसवलेल्या फेऱ्यावर दाबून ठेवायची, उजव्या हातानं पुढची पट्टी आत ढकलायची. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या आत. घाई केली की मधला फेरा उसळतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा करताना माझी तीनदा उसळली होती, तुमची दोनदा उसळली तर वाईट वाटून घेऊ नका. झाकण हलत असेल तर ओल्या पोत्यावर ठेवा, किंवा घरातल्या कुणाला तरी दोन्ही हातांनी धरायला सांगा. धरणाऱ्याचाही चष्मा हवा.

दिशेबद्दल नवखे लोक फार गोंधळतात. फोटो काढला असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर एक खूण आहे: दोन्ही टोकं अडकवून रील दोरी ओढल्याच्या दिशेनं फिरवली की स्प्रिंग आवळत गेली पाहिजे. सैल पडून हूक निसटत असेल तर पट्टी उलटी बसलीय. काढा आणि पालथी करून घाला.

सगळे फेरे आत गेले की बोटाला लागेल एवढंच ग्रीस पट्टीवर फिरवा. इथे लोक प्रेमानं मूठभर ग्रीस भरतात. भरणीच्या वेळी उसाच्या सरीत जी धूळ उडते ती सगळी त्या ग्रीसला चिकटते आणि महिनाभरात आत डांबर होतं. पातळ थर, बस.

आता रील वर ठेवा. ती नुसती बसत नाही, आतल्या हुकानं पकडलं पाहिजे. रील हलकी दाबून ओढीच्या दिशेनं सावकाश फिरवा. एक क्षण मोकळी फिरते, मग बोटांना एक छोटा ‘कट्’ जाणवतो आणि पुढे फिरवताना विरोध लागतो, सोडली की रील मागे येते. तो ‘कट्’ आला नाही तर आतलं टोक अडकलेलं नाही. वरून जोर लावू नका. रील उचला, आतलं टोक नाकाच्या पक्कडीनं किंचित मध्याकडे वळवा, पुन्हा ठेवा.

पकडलं की कुत्रे, त्यांच्या स्प्रिंगा, चकती आणि बोल्ट उलट्या क्रमानं लावा. बोल्ट घट्ट करा पण मरोडू नका, प्लास्टिकच्या रीलला चीर जाते.

दोरी आणि ताण

दोरी जुनी असली तर आताच बदला. जाडी जुन्या दोरीइतकीच. एक मिलीमीटर जाड घेतली तरी रीलवर मावत नाही, काठावर चढते आणि अडकते. पीळ घातलेली चालत नाही, विणलेली नायलॉनची घ्या. लांबी जुने तुकडे जोडून मोजा. टोकं काडेपेटीनं वितळवून गोल करा, हात भाजणार नाही अशा बेतानं. रीलच्या आतली गाठ दुहेरी मारा आणि ती खड्ड्यात पूर्ण खाली बसली आहे ना बघा, वर आली तर झाकणाला घासते.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते ताण देण्यात. स्प्रिंग नुसती अडकवून दोरी गुंडाळली तर हँडल शेवटचं वीतभर आत जाणार नाही. आधी स्प्रिंगला थोडा ताण देऊन ठेवायचा असतो.

दोरी रीलवर पूर्ण गुंडाळा, शेवटचं हातभर बाहेर ठेवा आणि काठाच्या खाचेत अडकवा. आता रील ओढीच्या दिशेनं दोन-तीन फेरे फिरवा. रील अंगठ्यानं दाबून धरा, बाहेरची दोरी झाकणाच्या भोकातून काढा आणि हँडल बांधा. हँडल बांधेपर्यंत अंगठा सोडायचा नाही. इथे दुसरा माणूस असला तर बरं, नाहीतर रील आणि झाकण एकत्र चिमट्यानं आवळून ठेवा. मग दोरी खाचेतून सोडवा आणि सावकाश आत जाऊ द्या. हँडल भोकाशी टेकलं आणि थोडं दाबून बसलं म्हणजे ताण बरोबर.

कमी वाटला तर आणखी एक फेरा. पण जास्त ताण म्हणजे चांगलं असं अजिबात नाही. याची एक परीक्षा आहे, ती चुकवू नका. दोरी अगदी शेवटापर्यंत बाहेर ओढा आणि धरून ठेवा. या अवस्थेत रील बोटानं ओढीच्या दिशेनं आणखी अर्धा ते एक फेरा फिरली पाहिजे. फिरली म्हणजे स्प्रिंगमध्ये अजून जागा शिल्लक आहे. फिरली नाही तर दोरी संपण्याआधी स्प्रिंग संपतेय, आणि प्रत्येक ओढीला धक्का हुकावर बसतोय. अशी स्प्रिंग चार दिवसांची पाहुणी. एक फेरा कमी करा आणि पुन्हा बघा.

झाकण हातातच धरून पाच-दहा वेळा दोरी ओढा-सोडा. कुत्रे बाहेर येताना आणि आत जाताना दिसले पाहिजेत. मग इंजिनावर ठेवा, बोल्ट बोटानं लावा, दोरी थोडी ओढून कुत्रे वाटीत नीट बसतायत ना बघा, आणि मग बोल्ट आवळा. असं केलं की झाकण मध्यावर बसतं. प्लगची टोपी लावायला विसरू नका. हे मी गमतीनं नाही सांगत. रिकॉईल जोडून, दंड दुखेपर्यंत ओढून, “इंजिन लागत न्हाई” म्हणून परत येणारे आहेत.

पुरात भिजलेलं इंजिन

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची मंडळी तेवढ्यात जनावरं आणि मोटारी हलवतात, पण छोटा पंप किंवा एचटीपी गोठ्यात राहून जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत अशी इंजिनं ढिगानं आली. त्या चिखलाची गोष्ट वेगळी आहे. तो वाळला की सिमेंट होतो आणि स्प्रिंगचे फेरे एकमेकांना चिकटतात.

अशा इंजिनाची दोरी आधी ओढायचीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असतं. आधी प्लग काढा, ऑईल बदला, कार्ब्युरेटर आणि टाकी रिकामी करा. रिकॉईल वेगळं करून दिवसभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, मगच रीलला हात लावा. गंजानं खड्डे पडलेली पट्टी दिसायला आख्खी असली तरी टाकून द्या, वाकवून बघायचा मोह नको.

गवत कापायच्या ब्रश कटरवाल्यांसाठी एवढंच: त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत स्प्रिंग प्लास्टिकच्या डबीत बंद मिळते. ती डबी उघडायची नाही, तशीच बदलायची.

ओढायची कशी

दुरुस्त केलेली स्प्रिंग किती टिकेल हे ओढणाऱ्याच्या हातावर आहे. हँडल धरून आधी सावकाश ओढा, कुत्रे अडकून ओझं लागेपर्यंत. मग तिथून झपकन ओढा, पण दोरी संपायच्या आधी हात थांबवा. आणि परत जाताना हँडल सोडून देऊ नका, हाताबरोबर आत न्या. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच स्प्रिंगांचा जीव या सोडून देण्यात गेलेला असतो. तरणी पोरं तालमीत दोरखंड ओढल्यासारखी पूर्ण ताकदीनं शेवटापर्यंत खेचतात, इंजिन लागलं की हँडल हवेत सोडतात आणि ते टाण्‌कन झाकणावर आपटतं. ऐकायला मर्दानी वाटतं. इंजिन चार ओढीत लागत नसेल तर पाचवी ओढू नका, चोक, कॉक आणि प्लग बघा.

जुनी पट्टी आणि तुटलेले तुकडे शेताच्या बांधावर टाकू नका. मातीत गेलेला तुकडा दिसत नाही, आणि बैलाच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या टायरात तो बरोबर सापडतो. गुंडाळा, तारेनं आवळा आणि भंगारवाल्याच्या हातात द्या.